दिवाळीच्या सुट्टीत शोधलेले माहेर

प्रश्न असा होता: ज्या स्त्रीला आपल्या माहेरचे गाव आठवत नाही, आणि सासरी ते सांगणारे कोणी उरले नाही, तिचे माहेर वंशावळीच्या वाटेने सापडू शकते काय? आपल्याकडच्या वंशावळींत मुलींची नावे लिहिण्याची रीत नाही. त्यामुळे हा प्रश्न प्रथमदर्शनी वाटतो त्याहून अवघड आहे. एका दिवाळीच्या सुट्टीत मला त्याचे उत्तर मिळाले. ते कसे मिळाले, हे क्रमाने सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

लढाई संपली होती, रेशनिंग संपले नव्हते. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात दिवाळीच्या साखरेसाठी लोक रांगेत उभे राहत. मी नगरला एका शाळेत शिक्षक होतो, आणि शाळेबाहेरच्या वेळात घराण्यांच्या वंशावळी जुळवून देण्याचा मला नाद होता. कोणाला श्राद्धासाठी पणजोबांचे नाव हवे असे, कोणाला लग्न ठरवताना मागच्या पिढ्या तपासायच्या असत. मी माहिती गोळा करून एका मोठ्या कागदावर बोरूने झाड काढून देई: बुंध्याशी मूळ पुरुष, फांद्यांवर मुलगे, आणि जिथे पुढे कोणी नाही तिथे एक लहानसे शून्य. त्या शून्याचा अर्थ निर्वंश.

आमच्या घरात या नादाला मान होता असे म्हणता येणार नाही. “लोकांचे खापरपणजोबा सापडतात,” पत्नी म्हणे, “पण स्वतःचा चष्मा मलाच शोधून द्यावा लागतो.”

वसुबारसेच्या दुपारी शेजारच्या काकू आमच्या ओसरीवर आल्या. वय साठीच्या पुढचे. त्यांचे यजमान कलेक्टर कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झाले होते. तेही काठी टेकीत मागोमाग आले आणि बाकावर बसले. काकू बराच वेळ वाती वळत राहिल्या. मग मान वर न करता म्हणाल्या, “मास्तर, तुम्ही सगळ्यांची मुळं शोधता. माझं माहेर शोधाल?”

काकूंचे लग्न सातव्या वर्षी झाले. लग्नानंतर काही महिन्यांतच माहेरच्या गावात पटकीची साथ आली, आणि पुढे तिकडून कोणी न्यायला आले नाही. सासरी विचारले की एकच उत्तर मिळे: तिकडे आता कोणी नाही. सोयरीक जमवणारे गृहस्थ वारले, सासरेही वारले. माहेरचे आडनाव त्यांना ठाऊक होते, पण ते असे की रस्त्यात हाक मारली तर चार जण वळून पाहतील.

“मला एक धाकटा भाऊ होता,” काकू म्हणाल्या. “भाऊ नसलेल्या बायका करतात तशी भाऊबिजेला मी चंद्राला ओवाळते. इतकी वर्षं ओवाळलं. हल्ली मनात येतं, तो कुठे जिवंत असला तर? भाऊ असून चंद्राला ओवाळायचं म्हणजे त्याला मेलेला धरल्यासारखंच की. यंदा चंद्राला ओवाळू का नको, एवढं मला सांगा.”

“पन्नास वर्षांवर संसार झाला सासुरवाडीशिवाय,” यजमान म्हणाले. “ना दिवाळसण, ना रुसायला जागा. मेहुणा सापडला तर मागचे सगळे दिवाळसण एकदम मागीन म्हणावं.”

“इकडची थट्टा चालू द्या, मास्तर. तुम्ही विचारा काय विचारायचं ते.”

नावे आणि गावे जिथे हरवतात तिथे कुळाचार शिल्लक राहतो, हे मला अनुभवाने माहीत होते. देवाला काय चढते, काय चढत नाही, कोणती भाजी घरात शिजत नाही, या गोष्टी माणसे पत्ता विसरली तरी विसरत नाहीत. म्हणून मी काकूंना गाव विचारलेच नाही. सणाच्या दिवशी घरात काय होत असे, ते विचारले आणि मधे न बोलता ऐकले. साक्ष घेताना हा नियम पाळावा. आपल्याला काय ऐकायचे आहे याचा वास साक्षीदाराला लागला की तो आपल्याला खूश करू लागतो.

काकू डोळे मिटून सांगू लागल्या. मोठी नदी होती. नदीला पायऱ्या होत्या. भाद्रपदात गौरी खड्यांच्या असत, आणि ते खडे नदीवरून आणण्याचा मान घरातल्या मुलीचा. तोंडात पाण्याची चूळ धरून, एक शब्द न बोलता ताम्हनातून खडे आणायचे. खडे सहा. पाच देवापुढे मांडायचे आणि सहावा उंबऱ्याशी ठेवून त्याला निराळा दहीभात दाखवायचा. तो कशासाठी, हे त्यांना माहीत नव्हते.

“एकदा मला हसू आलं आणि चूळ सांडली,” त्या म्हणाल्या. “आई म्हणाली, परत जा, नवी चूळ घे, नवे खडे आण. सकाळी धुकं होतं. पायऱ्या दिसत नव्हत्या. मी त्या धुक्यात एकटी खाली खाली जात होते, मास्तर, आणि पाणी काही येईना.”

“हसू कशानं आलं?”

“ते नाही आठवत.”

त्या घरी गेल्यावरही मी ओसरीवर बसून राहिलो. खड्यांच्या गौरी कोकणस्थांच्या. पायऱ्यांची मोठी नदी म्हणजे गोदावरी धरली, तर पेशवाईत कोकणातून येऊन तिच्या काठी राहिलेली घराणी आमच्या जिल्ह्यात मोजकी, आणि त्यांतली बरीचशी कोपरगावची. हे अनुमान होते, पुरावा नव्हे. पण गाडीचे तिकीट काढायला तेवढे पुरेसे होते.

धनत्रयोदशीला पहाटेच्या पॅसेंजरने निघालो. डब्यात सणाला घरी चाललेली माणसे होती आणि त्यांच्या पिशव्यांतून पोह्यांचा वास येत होता. राहुरी, बेलापूर, पुणतांबे. पुणतांब्याला गाडी बराच वेळ थांबली. मी खाली उतरून चहा घेतला. दूर उसाच्या शेतांवर धुक्याचा थर होता आणि त्यातून फक्त झाडांचे शेंडे दिसत होते. जणू गाव अजून पाण्याखालीच आहे आणि हळूहळू वर येणार आहे. मला वाटले, काकूंची नदी अशीच असेल. मग शिटी झाली.

कोपरगावला एका वृद्ध उपाध्यांची गाठ पडली. त्यांच्या वडिलांपासून गावातल्या बहुतेक घरांची भिक्षुकी त्यांच्याकडे होती. मी सहाव्या खड्याचा उल्लेख टाळला आणि एवढेच विचारले, की गौरीच्या मांडणीत काही वेगळी रीत असलेले एखादे घर तुमच्या पाहण्यात आहे का.

“एक होतं,” ते म्हणाले. “ते एक खडा उंबऱ्याशी ठेवीत. वडिलांबरोबर मी लहानपणी पूजेला जाई. एकदा माझा पाय त्या खड्याला लागला आणि त्या घरच्या आजीनं मला दहीभात देता देता हात आखडता घेतला. म्हणून विसरलो नाही.”

आडनाव विचारले. काकूंचेच होते.

“त्या घराण्याचा वंश पुढे?”

“बुडाला. पटकीत कर्ते पुरुष गेले. घर पडलं, आता तिथं वखार आहे. त्या वंशात कोणी नाही.”

मी वखार पाहून आलो. घाटाच्या पायऱ्या पाहिल्या, उतरून पाण्याला हात लावला. संध्याकाळच्या गाडीत बसल्यावर पिशवीतला कागद काढून त्या घराण्याचे छोटे झाड काढले आणि टोकाला शून्य घातले.

दुसऱ्या दिवशी नरकचतुर्दशी. पहाटेचे अभ्यंगस्नान झाले, फराळ झाला, पण शेजारी जाण्याचे मला धैर्य होईना. दुपारी सावेडीला गेलो. सावेडी तेव्हा शेते आणि विहिरी असलेले गावाबाहेरचे खेडे होते. तिथे आम्ही काही शिक्षक मोठ्या माणसांना लिहावाचायला शिकवत असू. सणाचा दिवस असूनही मंडळी पाट्या घेऊन आली होती. त्या दिवशी मी धडा दिला तो असा: आपले नाव लिहा, वडिलांचे लिहा, मग आजोबांचे. आणि ज्यांचे संपले त्यांनी आजीचेही लिहावे.

पाट्यांवरचा आवाज थांबला. एक म्हातारा शेतकरी म्हणाला, “मास्तर, आज्याचं नाव ठावं हाय. आजीचं न्हाई.”

“मग तिला हाक काय मारायचे?”

“आमी आजी म्हनायचो. आज्या तर तिला नुस्ता खाकरायचा.”

“व्हय,” मागून कोणी बोलले, “आन् ती बरुबर वळखायची, च्यासाठी खाकरलाय का भाकरीसाठी.”

सगळे हसले. मीही हसलो. पण घरी चालत येताना तो विनोद माझ्याबरोबर येत राहिला.

अमावास्येला सकाळी मी माझ्या दुसऱ्या छंदाकडे वळलो. अंगणात एक काठी रोवून तिच्या सावलीच्या टोकाशी खडूचा ठिपका करायचा, आणि वर्षभर सावली कशी लांबते-आखडते हे पाहायचे, असा तो छंद. इतर दिवशी त्याने मन शांत होई. त्या दिवशी सावलीकडे पाहता पाहता मला घाट चढणारी एक लहान मुलगी दिसे, आणि मी ठिपका करायला विसरे.

पत्नी रांगोळी काढायला आली. “हे तुमचे ठिपके माझ्या ठिपक्यांत मिसळू नका. आणि परवापासून तोंड शिवून का बसलाय? काकू दोनदा येऊन दाराशी उभ्या राहून गेल्या.”

मी सगळे सांगितले. तिने रांगोळीची चिमूट हातातच धरली.

“म्हणजे भाऊ त्या साथीत गेला.”

“वंश बुडाला म्हणाले.”

“ते ऐकलं मी. भाऊ गेला असं कोण म्हणालं?”

मी उपाध्यांचे शब्द आठवून पाहिले. तसे कोणीच म्हटले नव्हते. मी वंश विचारला होता आणि उपाध्यांनी वंशाचे उत्तर दिले होते. मुलगा जिवंत असून वंश बुडतो, असे आपल्याकडे एकाच प्रकारे घडते. वंशावळी करणाऱ्या माणसाला ते सर्वांत आधी सुचायला हवे होते. दत्तक गेलेला मुलगा जन्मघराच्या झाडावरून उतरतो आणि दुसऱ्या झाडावर चढतो. त्याचे गोत्र बदलते, आडनाव बदलते, आणि पहिल्या झाडावर त्याच्या जागी आमच्यासारखे लोक नियमाला धरून शून्य घालतात.

पाडव्याला पत्नीने मला पहाटेच ओवाळले. तबक पुढे धरून म्हणाली, “ओवाळणी टाका आणि मग जा दुसऱ्याच्या मेहुण्याच्या शोधात. आणि या खेपेला वंश विचारू नका. माणूस विचारा.”

कोपरगावला पोचलो तेव्हा उपाध्ये घाटावरून परतत होते. मी विचारले, “त्या घरातला धाकटा मुलगा कुठे आहे?”

“तो होय? पुणतांब्याला. मोसंबीची बाग आहे त्याची. चांगला ठणठणीत आहे.”

“गुरुजी, मग त्या दिवशी का नाही सांगितलंत?”

“तुम्ही वंश विचारलात, मास्तर. तो त्या वंशात कुठे राहिला?” मग ते पायरीवर टेकले. “एकुलता मुलगा दत्तक देऊ नये म्हणतात. माझे वडील नको म्हणत होते. त्याची आई तेव्हा स्वतः अंथरुणाला खिळली होती. ती म्हणाली, मूल जगू दे, वंशाचं मी पाहत नाही. विधी झाला आणि आठवडाभरात ती गेली.”

“मुलीला कोणी कळवलं नाही?”

“लग्न झालेली मुलगी. कोणी कळवायचं?”

पुणतांब्याला ज्या फलाटावर मी चहा घेतला होता तिथेच पुन्हा उतरलो. बाग नदीच्या बाजूला होती. साठीच्या आसपासचे एक गृहस्थ पाटाचे पाणी आळ्यांत वळवत होते. मी वंशावळी जुळवतो आणि जुन्या घराण्यांची माहिती गोळा करत आलो आहे, एवढेच सांगितले. काकूंचा उल्लेख केला नाही. मग विचारले, लहानपणचे काही आठवते का.

“कुठल्या लहानपणचं? मला दोन आहेत.”

“पहिल्या.”

“ते लहानपण नव्हे हो, स्वप्न आहे.” त्यांनी फावडे बांधाला टेकवले. “एक मुलगी घाट चढून येते. गाल फुगलेले. हातात ताम्हन. बोलत नाही. मी पायरीवर बसून कोंबडा आरवतो. तिला हसू फुटतं आणि सगळं पाणी माझ्या अंगावर. मग पाठीत धपाटा बसतो आणि मी जागा होतो. अधूनमधून पडतं हे स्वप्न. नातवंडांना सांगितलं तर म्हणतात, आजोबांना तेव्हा ताप असणार.”

“मुलगी पुढे कुठे जाते?”

“परत खाली. नदीकडे.”

“वेळ कोणती असते?”

“संध्याकाळ. घाटावर दिवे असतात.”

काकूंनी सकाळ सांगितली होती, धुके सांगितले होते. हा फरक मी तेव्हाच मनात नोंदला आणि इथेही लपवत नाही. दोन्ही साक्षी तंतोतंत जुळल्या असत्या तर मला अधिक संशय आला असता.

मग मी त्यांना सांगितले, की ती मुलगी नगरला आमच्या शेजारी राहते.

 वाकून त्यांनी आळ्यातले पाणी दुसरीकडे वळवले, कारण ते वाहून जाऊ लागले होते. सरळ होत म्हणाले, “म्हणजे तापबीप नव्हता.” आणि मग, “उद्या भाऊबीज. पण मास्तर, मी त्या घरचा नाही राहिलो. तिच्या पाटावर भाऊ म्हणून बसायचा मला अधिकार आहे का? उद्या कोणी म्हणायला नको की परक्यानं ओवाळून घेतलं.”

हे भय पोकळ नव्हते. त्या काळी माणसे अशा गोष्टींनी मनोमन झुरत. मी त्यांना शक्य तेवढे नेमके उत्तर दिले. दत्तविधानाने गोत्र बदलते, पिंड आणि वारसा बदलतो. तरीही दत्तक गेलेल्या मुलाला जन्मघरातल्या मुलीशी लग्न करता येत नाही. नाते खरोखर संपले असते तर ही मनाई कशासाठी राहिली असती? याचा अर्थ, ज्या शास्त्राने त्यांना घरातून काढले त्यानेच बहीण मात्र त्यांच्याकडे ठेवली आहे.

त्यांनी ते माझ्याकडून दोनदा समजावून घेतले. रात्री मला ठेवून घेतले, आणि झोपण्यापूर्वी सुनेला सांगून मोसंब्यांची करंडी भरवली.

भाऊबिजेला दुपारी आम्ही नगरला पोचलो. काकू दारात होत्या. त्यांनी त्या गृहस्थांकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, पुन्हा त्यांच्याकडे. ओळख पटण्यासारखे काही नव्हते. पाच वर्षांच्या मुलाचा चेहरा साठीच्या माणसात शोधायचा कसा?

त्यांनी करंडी खाली ठेवली. “तुझी चूळ सांडली ना, ती माझ्यामुळं. मी कोंबडा आरवलो होतो.”

काकूंनी चौकटीला हात लावला. मग म्हणाल्या, “आणि बोलणी मी खाल्ली.”

“मलाही धपाटा बसला.”

“बसला का? बरं झालं.”

“या मेहुणे,” आतून यजमान म्हणाले, “फार उशीर केलात. मी रुसून बसलोय, पण आधी आत या.”

पाट मांडला. निरांजनाची वात माझ्या पत्नीने पेटवून दिली. ओवाळणे झाले तेव्हा बाहेर अजून ऊन होते.  मोसंब्यांचा वास घरभर होता, आणि त्या वासात ती दोन म्हातारी माणसे एकमेकांकडे पाहत बसली होती, जणू दोघांपैकी कोणी बोलले तर काही सांडणार होते.

निघण्यापूर्वी काकूंच्या भावाने मला विचारले, “आमच्या जुन्या घराचं झाड तुम्ही काढलंत म्हणे. त्यात ही कुठे आहे?”

मी कागद आणून दाखवला. त्यात काकू नव्हत्याच. टोकाला शून्य होते.

“मग ते बरोबर नाही,” ते म्हणाले. ते रागावले नव्हते. पाटीवरचे चुकलेले गणित दाखवावे तसे म्हणाले.

मी नवा कागद घेतला. शून्याच्या जागी दोन फांद्या काढल्या. एकीवर काकूंचे लग्नापूर्वीचे नाव लिहिले. दुसरीवर भावाचे जन्मनाव लिहून, तिथून तुटक रेघ काढून ती पुणतांब्याच्या घराण्याला नेऊन जोडली. असे झाड मी पूर्वी काढले नव्हते. त्यानंतर मात्र असेच काढत आलो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. माहेर सापडू शकते, असे माझे उत्तर आहे. मात्र त्यासाठी नावापेक्षा कुळाचार विचारावा लागतो, आणि वंश विचारून थांबता येत नाही. या उत्तराला मर्यादा आहेत. सकाळ आणि संध्याकाळ यांचा मेळ मला शेवटपर्यंत घालता आला नाही. बहिणीचे नाव भावाला आठवत नव्हते; तो तिला फक्त ताई म्हणत असे. आणि एका घराच्या अनुभवावरून नियम ठरत नाही. म्हणून वाचकांना विनंती अशी, की आपल्या घरची वंशावळ काढून जिथे निर्वंश लिहिले आहे तिथे बोट ठेवावे. त्या घरात मुली किती होत्या, त्या कोणत्या गावी दिल्या आणि एखादा मुलगा दत्तक गेला होता का, हे घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना विचारावे, आणि माझे म्हणणे बरोबर आहे की नाही ते आपले आपण पडताळून पाहावे.